पावसाळी मुलखातली रायफल

हेलेना, मॉन्टाना

चि. मृणाल हिस,


तुझं पत्र पोचलं. शिकारीच्या प्रशिक्षणाची परीक्षा पास झालीस, अलास्कात वर्ष काढून रहिवासी परवानाही मिळवलास, याचा फार आनंद झाला. ऑगस्टमध्ये हरणांचा मोसम सुरू होतोय आणि दुकानदाराने एकाच मॉडेलच्या दोन रायफली तुझ्यापुढे ठेवल्यात, एक ब्लूइंग केलेल्या नळीची, दुसरी स्टेनलेसची. तू केचिकनला राहतेस, तेव्हा स्टेनलेस घे. पण ती का घ्यायची हेही समजून घे. स्टेनलेस आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या माणसांच्या रायफली गंजलेल्या मी पाहिल्या आहेत.

ब्लूइंग केलेल्या काळ्या नळीचं पोलाद म्हणजे क्रोम-मोली. त्यात कार्बन सुमारे ०.४ टक्के, क्रोमियम एक टक्क्याच्या आसपास आणि थोडं मॉलिब्डेनम. ब्लूइंग म्हणजे वरून दिलेला रंग नव्हे. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात, साधारण १४० अंश सेल्सियसला, नळी बुडवतात. मग वरच्या लोखंडाचंच काळं ऑक्साइड होतं. हा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा, आणि सच्छिद्र. तो एकटा पाणी अडवू शकत नाही. तो तेल धरून ठेवतो, आणि पाणी अडवतं ते तेल. पावसाने तेल धुऊन नेलं की नळी उघडी पडली म्हणून समज.

इथे हेलेनाला वर्षभरात पाऊस पडतो तो कसाबसा ३०० मिलिमीटर. माझ्या जुन्या विंचेस्टर मॉडेल ७० ला वरचेवर तेलाचा हात फिरवला की भागतं, आणि तिचं ते गडद निळं-काळं तेज मला अजूनही कुठल्याही स्टेनलेसपेक्षा देखणं वाटतं. तुझ्याकडे साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. रत्नागिरीपेक्षाही जास्त, आणि तो चार महिन्यांत उरकणारा नाही, बारमाही. त्यात होडीतून जाताना खाऱ्या पाण्याचे तुषार. तिथे ब्लूइंगची नळी एका रात्रीत तांबूस होते.

आता स्टेनलेसबद्दल. नळ्यांसाठी बहुधा ४१६ जातीचं स्टील वापरतात. त्यात क्रोमियम १२-१३ टक्के, आणि यंत्रावर कापायला सोपं जावं म्हणून मुद्दाम घातलेलं गंधक. त्या गंधकामुळे त्याची गंज रोखण्याची ताकद कमी होते. आईच्या स्वयंपाकघरातल्या चांगल्या पातेल्यांच्या स्टीलमध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. तुझ्या नळीचं स्टील त्या जातीचं नाही, सुरीच्या पात्याच्या जातीचं आहे. लिंबू कापून सुरी तशीच ठेवली तर डाग पडतात ना, तसंच इथे. म्हणजे स्टेनलेस तुला सवड देतं, सुट्टी देत नाही.

शिवाय रायफलीत नळी एकटी नसते. मॅगझिनची स्प्रिंग, बोल्टच्या आतली स्प्रिंग, चापाचे भाग, दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू, यांतलं बरंच काही साध्या पोलादाचं असतं. म्हणून भिजून आलीस की आधी काडतुसं काढ आणि रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री कर. ओली रायफल केसमध्ये कधीही ठेवू नकोस. बोल्ट बाहेर काढ, दस्त्याचे स्क्रू सोडव आणि नळी उचलून बाजूला घे. पाणी नेमकं दस्त्याच्या खाचेत साचलेलं दिसेल. गंज लागतो तो तिथेच, डोळ्यांआड. सगळं पुसून कोरडं कर, मागच्या बाजूने नळीतून कोरडी चिंधी फिरव, मग हलकं तेल.

रानात नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकल टेपचा एक पट्टा लावत जा. गोळीच्या पुढे दाबली गेलेली हवाच तो उडवून लावते, नेमात फरक पडत नाही. दस्ता मात्र लाकडी घेऊ नकोस. लाकूड ओल धरून फुगतं, नळीवर दाब येतो आणि नेम सरकतो. सिंथेटिक दस्ता नसेल तर स्टेनलेसचा निम्मा फायदा वाया गेला. नळीवर चकचकीत पॉलिश नको, मंद करडी बघ. अचूकतेची चिंता करू नकोस. दोन्ही पोलादांची नीट बनवलेली नळी शिकारीच्या अंतरावर सारखाच नेम देते.

हे सगळं इतकं पोटतिडकीने लिहितोय ते रायफलीच्या किमतीसाठी नाही. नळीच्या तोंडाशी गंजाने खड्डा पडला की गोळी सुटताना वायू एकसारखा बाहेर पडत नाही आणि नेम ढळतो. मग हरीण मरत नाही, जखमी होतं. तुझ्याकडच्या सिडार-हेमलॉकच्या गच्च रानात, पावसाने रक्ताचा माग धुतला की ते सापडायचं नाही. ज्या जनावराचा जीव घ्यायचा त्याला तडफडत ठेवायचं नाही, ही शिकाऱ्याची पहिली जबाबदारी.

तेव्हा स्टेनलेस घे, सिंथेटिक दस्त्याची घे, आणि दुकानातून निघण्याआधी दस्त्याचे स्क्रू किती घट्ट आवळायचे ते विचारून लिहून घे. मोसम सुरू व्हायच्या आत ती स्वतःच्या हाताने दोन-चारदा उघडून जोड, आणि प्रत्येक वेळी जोडून झाल्यावर रेंजवर नेम तपासल्याशिवाय रानात जाऊ नकोस.

तुझा,
मामा