मरळ, सुरमई आणि तांबड्या पिलांचा घोळका

गोड्या पाण्यातला आणि समुद्रातला, यांपैकी जास्त हिंस्र शिकारी मासा कोणता, हे सोप्या भाषेत सांगा, असा संपादकांचा निरोप आला. आम्ही मत्स्यजीवशास्त्राची माणसं हिंस्रपणा मोजत नाही. मासा श्वास कसा घेतो ते पाहतो. त्याची शिकार त्यावरूनच कळते. म्हणून मराठी ताटातले दोन शिकारी घेते: मरळ आणि सुरमई.

सुरमईला, म्हणजे गोव्याच्या विसवणाला, वाताशय, म्हणजे तरंगवणारी हवेची पिशवी, नसतो. पोहणं थांबलं की ती बुडू लागते. शिवाय तोंड किंचित उघडं ठेवून पुढे जात राहिलं, तरच कल्ल्यांवरून पुरेसं पाणी वाहतं. सुरमईच्या कापात कातडीजवळ जो गडद पट्टा दिसतो, ते न थकता पोहत राहणारे तांबडे स्नायू. लोक त्याला 'खराब भाग' म्हणून काढून टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं. तारली, मांदेलीच्या झुंडीत ती वेगाने घुसते आणि सुरीसारख्या दातांनी भक्ष्य कापते.

मरळ उलट. डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेचे कप्पे असतात. पृष्ठभागावर येऊन हवा घेता आली नाही, तर ती पाण्यातही गुदमरते. पाणवनस्पतीत निश्चल राहायचं, बेडूक किंवा छोटा मासा टप्प्यात आला की एकच झेप, आणि सबंध गिळायचा. उन्हाळ्यात ती ओल्या चिखलात तग धरते, म्हणून 'मरळ चिखल खाते' असं सर्रास बोललं जातं. ते साफ खोटं आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. कटला-रोहूचं बीज सोडण्याआधी तळ्यातले शिकारी मासे काढा, असा सल्ला दिला जातो. त्यासाठी मोहाची पेंड वापरतात, हेक्टरी सुमारे 2,500 किलो. तिच्यातलं सॅपोनिन रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं, म्हणून हवेवर जगणारी मरळही वाचत नाही. संगोपन तळ्यापुरता हा सल्ला योग्यच आहे. तिथे मरळ बोटभर बीज फस्त करते. पण तोच नियम गावतलावाला लावून मरळीला शत्रू ठरवणं मला मान्य नाही. तिथे ती मुख्यतः बेडूक, किडे आणि बारीक मासळी खाते.

गेल्या पावसाळ्यात पूर्व विदर्भातून एका हौशी तरुणाने फोटो पाठवला. भाल्यावर मोठी मरळ, आणि मागे पाण्यात तांबूस पिलांचा घोळका. तो फोटो डोळ्यांपुढून जात नाही. सुरमई लाखोंनी अंडी समुद्रात सोडते आणि निघून जाते. मरळीची अंडी हजारांत. तिची जोडी वनस्पती बाजूला सारून घरटं करते आणि पिलं मोठी होईपर्यंत राखण करते. हवा घ्यायला पिलं वर आली की पाणी खळबळतं, आणि राखणदार नेमका कुठे आहे हे शिकाऱ्याला कळतं. तो मेला की उरलेली पिलं इतर मासे आणि पक्षी खातात.

समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. 2023 मध्ये राज्याने 54 जातींच्या माशांसाठी किमान आकारही ठरवून दिला. पण समुद्रात बंदी असते त्याच पावसाळ्यात गावोगाव चढणीचे मासे धरले जातात, आणि मरळीचा विणीचा हंगाम तोच असतो.

येत्या पावसाळ्यात तळ्याकाठी तांबड्या पिलांचा घोळका दिसला, तर त्याखालच्या मरळीवर गळ टाकू नका, भाला मारू नका. महिना-दीड महिना तिला सोडा.