अर्धा टाका
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. बाबा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी आहेत, आई शिवणकाम करते. त्यामुळे घरात इंग्रजी अक्षर आले की ते थेट माझ्यापुढे येते. औषधाची बाटली, बँकेचे पत्र, विजेचे बिल (ते मराठीत असते, तरीसुद्धा!) सारे माझ्या हातात दिले जाते आणि मी वाचून सांगेन तो शेवटचा शब्द. हा मान मी वर्षभर मोठ्या ऐटीत मिरवला. तो कसा गेला ते सांगायचे आहे. गोष्ट एका रबरी कपड्याची आहे, तेव्हा थोडी शिवणाची आणि थोडी रबराची माहिती येईल. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटक पाण्याखालचे मासे आणि प्रवाळ पाहायला बुडी मारतात. तारकर्लीला तर हे शिकवणारी पर्यटन विकास महामंडळाची संस्थाच आहे. बुडी मारणाऱ्याच्या अंगात काळा, घट्ट बसणारा रबरी सूट असतो. त्याला वेटसूट म्हणतात. ओला सूट! नाव प्रथम ऐकले तेव्हा मला हसू आले होते. ओलेच व्हायचे तर सूट कशाला? आपल्याकडचे पाणी उबदार, तेव्हा खडकावरच्या धारदार कालवांपासून आणि जेलीफिशपासून अंग वाचवणे हाच इथे त्याचा मोठा उपयोग.

पावसाळ्यात हा धंदा बंद असतो आणि त्या दिवसांत फाटके सूट दुरुस्तीला निघतात. गेल्या श्रावणात एक व्यावसायिक असे चार सूट घेऊन आमच्या ओटीवर आले. "काकी, तुमचो हात बरो असा. बघा जमता काय," म्हणाले. एका सूटचे अडीचशे रुपये ठरले. चारांचे हजार. माझ्या परीक्षेच्या फॉर्मचे पैसे आईने त्यातच धरले. जाताना त्यांनी चिकटवायच्या द्रवाचा एक डबा दिला. डब्यावर मुंगीच्या पायाएवढी इंग्रजी अक्षरे होती.

"ह्या वाच गो बाय. काय लिवलेला असा?" आई म्हणाली.

मी वाचले. दोन्ही कडांना लावा, एवढे कळले. पुढे 'टॅकी' असा एक शब्द होता, तो अडला. मोबाइल हातातच होता. पण आई समोर बसलेली, शेजारच्या दोन बायका फॉल लावायच्या साड्या घेऊन आलेल्या, आणि त्यांच्यासमोर कॉलेजच्या मुलीने शब्द शोधत बसायचे? मी डबा खाली ठेवला आणि सांगून टाकले, "दोन्ही बाजूंक लाव आणि ओला असतानाच दाबून धर. सुकला की झाला."

आईने तसेच केले. वर आपल्या पायाच्या मशीनवर बारीक, सरळ शिलाई मारली. दिसायला इतकी देखणी की बोट फिरवत राहावे. चारही सूट दोरीवर वाळत घातले तेव्हा चार बिनडोक्याची माणसे अंगणात वारा खात उभी आहेत असे वाटले. बाबा रात्री उशिरा आले ते दचकलेच.

ऑक्टोबरात ते गृहस्थ परत आले. सूट ओटीवर टाकले. चारांपैकी तीन काखेत आणि खांद्यावर उसवले होते. एक तर गिऱ्हाईक घालत असतानाच फाटला. रबर ताणले जाते, सरळ शिलाईचा दोरा तेवढा ताणला जात नाही, तो तटतट तुटला. आणि आतला द्रव? कडा ओढल्या की तापलेल्या दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा निघून येत होता. त्यांनी मजुरी दिली नाहीच, वर फाटलेल्या सूटची भरपाई मागितली. चारचौघांत आवाज चढवला. आई एवढेच म्हणाली, "माझ्या चेडवान डब्यार वाचून सांगल्यान, तसाच केलंय."

त्या वाक्यात तक्रार असती तर बरे झाले असते. त्यात पुरावा होता. माझे वाचणे हा आईचा पुरावा होता. मी दाराआड उभी होते, आणि तिथेच उभी राहिले.

सगळे सूट फुकट नीट करून द्यायचे, असे शेवटी ठरले. फॉर्मचे पैसे बाबांनी मालकाकडून उचल घेऊन भरले. आईला वाटले, डबाच जुना असणार. मीही मान हलवली.

दुसऱ्या दिवशी आई एक तुकडा घेऊन एस.टी. स्टँडजवळच्या पंक्चरवाल्याकडे गेली. त्याच्या दुकानावरून मी रोज कॉलेजला जाते. तो हसून म्हणाला, "वयनी, सोल्युशन ओला असताना चिकटवक नाय. सुकाक देवचा. बोट लावल्यार चिकट लागाक होया, पण बोटाक येवक नये. मगे दाबूचा." म्हणजे 'टॅकी'चा अर्थ सायकलच्या ट्यूबपाशी बसलेल्या माणसाला ठाऊक होता!

मग मात्र मी वाचले. हा सूट 1952 च्या सुमारास ह्यू ब्रॅडनर या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने तयार केला. त्याचे मर्म असे की, अंग कोरडे राहण्याची गरजच नाही. सूटच्या आत थोडे पाणी आले तरी चालते. ऊब टिकते ती रबरातल्या हवेच्या बारीक, बंद बुडबुड्यांमुळे. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने ओढून नेते, म्हणून थंड समुद्रात आतले पाणी सारखे बदलत राहिले तर सूटचा उपयोग नाही, आणि ते बदलते मुख्यतः शिवणीतून व गळ्या-मनगटांतून. हे रबर म्हणजे निओप्रीन. द्रव ओला असताना कडा जोडल्या तर त्यातला उडून जाणारा भाग बुडबुड्यांच्या बंद रबरात अडकून बसतो आणि जोड कच्चा राहतो. म्हणून पातळ हात द्यायचा, सुकू द्यायचे, दुसरा हात द्यायचा, आणि मग कडेला कड भिडवायची. एकदा भिडली की सरकवता येत नाही.

थंड पाण्याच्या चांगल्या सूटना चिकटवल्यावर वाकड्या सुईची शिलाई असते. सुई रबराच्या अर्ध्या जाडीपर्यंत जाते आणि त्याच बाजूने वर येते. आरपार भोक नाही, म्हणून पाण्याला वाट नाही. हे मी आईला समजावून सांगू लागले तेव्हा तिने मला मध्येच थांबवले. "फॉलाचो टाको तो," म्हणाली. साडीच्या सुलट बाजूला टाका दिसू नये म्हणून ती गेली वीस वर्षे सुतातले सूत उचलते आहे! माझे व्याख्यान तिथेच संपले.

गाद्या शिवणाऱ्याकडून तिने वाकडी सुई आणली. रबर 3 मिलिमीटरचे, म्हणजे सुई दीडच मिलिमीटर आत जायची, तीही आधी बाहेरून आणि मग आतून. मशीनच्या जुन्या भोकांची कड कापून टाकावी लागली, कारण तिकिटासारखी ती तिथेच फाटत होती. एका काखेला एक संध्याकाळ लागे. दिवाळी त्यातच गेली. मी कडांना द्रव लावी आणि बोट लावून पाही. बोटाला आले की थांबायचे.

सगळे झाल्यावर आईने एका बाहीचे तोंड सुतळीने आवळले, आत कळशीभर पाणी ओतले आणि बाही फणसाच्या फांदीला टांगली. आम्ही दोघी खाली पायरीवर बसलो. बऱ्याच वेळाने एका जागी थेंब जमला, लोंबला, पडला. आई उठली, तिथे खडूने खूण केली. बाही वाळल्यावर तेवढ्याच जागी आतून द्रवाचा एक हात दिला. दुसऱ्या दिवशी थेंब आला नाही.

सूट गेले. ते गृहस्थ या वर्षी पुन्हा आले, आणि या वेळी अर्धे पैसे आगाऊ आईच्या हातावर ठेवून गेले. डब्यावर आता मी मराठीत मोठ्या अक्षरांत सूचना लिहून चिकटवली आहे. आई चौथीपर्यंत शिकलेली आहे, ती बोट ठेवून सावकाश वाचते.

पण डबा जुना नव्हता, शब्द मला आला नव्हता, हे मी तिला अजून सांगितलेले नाही. हा अंक घरी गेला की ती नेहमीप्रमाणे जेवणे उरकून, चष्मा कपाळावर ढकलून, मशीनला टेकून बसेल आणि म्हणेल, "वाच गो बाय, काय लिवलंस ता." आणि मला सगळे वाचून दाखवावे लागेल, पहिल्या ओळीपासून.