रिकामं कार्ड

बक्षिसं देणारी खरेदीची साइट आखायला बसले की मी सगळ्यात आधी रिकाम्या कार्डाचं पान आखते. ग्राहकाने स्क्रॅच कार्ड खरडलं आणि आत काहीच निघालं नाही, तर त्या क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर काय येईल? मालकांना ही सुरुवात अपशकुनी वाटते. त्यांना पाच हजारांचा झळाळता आकडा आधी बघायचा असतो. पण बहुतेक ग्राहकांच्या वाट्याला येणार आहे ते रिकामंच कार्ड, आणि पुन्हा इथे यायचं की नाही, हे ते तिथेच ठरवतात.

अशी साइट स्वतः काही विकत नाही. ती ग्राहकाला लिंकवरून दुकानाकडे धाडते आणि त्याने खरेदी केली की दुकानाकडून कमिशन घेते. मोबाइलवर हे कमिशन जेमतेम, कपड्यांवर बरं. मध्येच ग्राहकाने दुसऱ्या कुणाच्या लिंकवर बोट ठेवलं, तर श्रेय सहसा शेवटच्या लिंकला जातं. समजा, महिन्यात 1,000 ऑर्डर गेल्या, सरासरी ₹1,000च्या, कमिशन 5 टक्के. कागदावर ₹50,000 झाले. त्यातल्या 250 ऑर्डर रद्द झाल्या किंवा माल परत गेला, की उरले ₹37,500. निम्मी रक्कम बक्षिसांना काढली, तर पक्क्या ऑर्डरमागे ₹25 येतात. हे पंचवीस रुपये सरसकट वाटले तर कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. म्हणून मग एक बक्षीस ₹5,000चं, दहा ₹500ची, ऐंशी ₹100ची. एकूण ₹18,000, वरचे ₹750 गंगाजळीत. 91 जणांना काहीतरी मिळालं आणि 659 कार्डं रिकामी गेली. नफ्यात राहायचं तर ही 659 माणसं असणारच. त्यांच्याशी कसं वागायचं, हाच माझ्या कामाचा गाभा आहे.

सोडत कशी काढायची, हा पुढचा निर्णय. प्रत्येक कार्डाचं नशीब संगणकाने त्या त्या वेळी नव्याने काढलं, तर एकाच आठवड्यात तीन मोठी बक्षिसं निघून गल्ला रिकामा होऊ शकतो. मी 750 चिठ्ठ्या आधीच भरते, ढवळते आणि मग एकेक काढू देते. दिवाळीत साडीच्या दुकानात कूपनांची बरणी असते, सगळ्यांसमोर एखादं लहान मूल तिच्यात हात घालतं, आणि हरलेला माणूसही कुरकुर न करता घरी जातो. आमची बरणी कुणाला दिसत नाही. म्हणून फेरी सुरू होण्यापूर्वी बक्षिसांची यादी जाहीर करायची आणि त्यातली किती उरली हे रोज दाखवायचं, असा माझा आग्रह असतो. मोठं बक्षीस लवकर निघालं की उरलेल्यांचा उत्साह मावळतो, धंद्याला त्याची झळ बसते. तरी दाखवायचंच.

फिरणाऱ्या चाकाला मात्र मी ठाम नकार देते. बोट लागताच निकाल सर्व्हरवर ठरलेला असतो. चाक नंतर फिरतं, ते नुसतं चित्र. काटा ₹5,000च्या अगदी शेजारी थांबला, तर तो तिथे कुणीतरी मुद्दाम थांबवलेला असतो. थोडक्यात हुकलं, असं वाटून माणूस पुन्हा गरज नसलेली वस्तू मागवतो. अनियमित बक्षिसाने सवय किती घट्ट बसते, हे मानसशास्त्रज्ञ फर्स्टर आणि स्किनर यांनी 1957 सालच्या ग्रंथात प्रयोगांनिशी मांडलं आहे. ती ओढ चाकाशिवायही पुरेशी असते.

2019च्या दिवाळीत गूगल पेवर पाच चित्रं जमवायची होती आणि त्यातली रांगोळी काही मिळेना. लोक अनोळखी माणसांकडेही रांगोळी मागत होते. बक्षीस ₹251. तेवढ्या पैशांसाठी एरवी कुणी इतकी धावपळ केली नसती. पाचातलं एक कमी होतं, ते चैन पडू देत नव्हतं. हाताशी एवढं प्रभावी हत्यार आहे म्हटल्यावर रिकाम्या कार्डावर लगेच ‘पुन्हा खरेदी करा’चं बटण ठेवायचा मोह होतोच. मी तिथे बटण ठेवत नाही. एवढंच लिहिते: या फेरीत 750पैकी 91 कार्डांत बक्षीस होतं, तुमच्या कार्डात नव्हतं.

कार्ड केव्हा द्यायचं, यावर मालकांशी माझा सर्वांत जास्त वाद होतो. त्यांना ते ऑर्डर दिल्या दिल्या हवं असतं. पण माल परत गेला की कमिशन जातं, मग जिंकलेलं बक्षीसही काढून घ्यावं लागतं. दिलेलं परत घेतल्याचा राग रिकाम्या कार्डाच्या निराशेपेक्षा कितीतरी मोठा. म्हणून दुकानाने कमिशन पक्कं केल्यावरच कार्ड द्यावं, आणि अंदाजे तारीख पहिल्याच दिवशी सांगावी. पैसे काढायला किमान ₹250 जमले पाहिजेत, ही अट तर मला लबाडी वाटते. ₹100 जिंकलेल्या ऐंशी जणांतल्या कितीतरींना ते कधीच मिळणार नाहीत, हे ती लिहिणाऱ्याला ठाऊक असतं.

कायद्याच्या चौकटीही आहेत. ₹10,000च्या वरच्या बक्षिसातून 30 टक्के कर कापून द्यावा लागतो, म्हणून मी मोठं बक्षीस त्याखालीच ठेवते. योजना संपल्यावर निकाल दडवणं ही 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. तामिळनाडूत 1979पासून बक्षीस योजनांवर बंदी आहे, त्यामुळे गूगल पेची स्क्रॅच कार्डंही तिथल्या ग्राहकांना मिळत नव्हती. तिथल्यांसाठी मी वेगळी वाट ठेवते: कार्ड नाही, पक्क्या ऑर्डरवर सरळ ₹25. मालक त्याकडे कायद्याची अडचण म्हणून पाहतात. मी दर महिन्याला आधी तेच आकडे उघडते. बक्षिसाच्या आशेविना तिथला ग्राहक दुसऱ्यांदा आला का, तिसऱ्यांदा आला का, आणि इतर राज्यांत रिकामं कार्ड मिळालेला त्याच्या तुलनेत किती वेळा आला, हे तिथे शेजारी-शेजारी दिसतं. रिकामं कार्ड मिळालेला जिथे फारच कमी वेळा परतला असेल, तिथली बक्षिसांची विभागणी मी पुन्हा मांडते.