बिडाच्या भांड्यातली टर्की

टर्की हा पक्षी मूळचा अमेरिकेचा. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचं नाव दिलं, तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात आणि पोर्तुगीज 'पेरू'. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी ज्या नवलाईच्या वस्तू आणल्या, त्यांत हा पक्षीही होता. बादशहाने उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. ज्याला त्याला हा पक्षी दुसऱ्याच मुलखाचा वाटतो. आम्हा नवरा-बायकोला त्याचं फार नवल वाटलं नाही. आम्ही रत्नागिरीकडचे. घरात मराठी बोलतो म्हटलं की मुंबई-पुण्यातही लोक विचारत, ''अरे वा, तुम्हाला मराठी येतं?'' शिकागोत आल्यापासून कुणी आम्हाला अरब समजतं, कुणी पाकिस्तानी.

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी इथे थँक्सगिव्हिंग असतो. १८६३ मध्ये लिंकनने या दिवसाचा जाहीरनामा काढला आणि १९४१ च्या कायद्याने वार पक्का झाला. मुलं शाळेतून विचारत यायची, ''आपल्याकडे टर्की का नाही?'' घरात वाद झाला. हा सण आपला नाही, हे एक मत. उपकार मानायला परका दिवस कसला, हे दुसरं. गावी फोन लावला, तर दादी म्हणाली, ''शुक्र तर रोज करायचा असतो.'' मग गुरुवारीही करायला हरकत नाही, असा सोयीचा अर्थ आम्ही काढला.

खरी अडचण भांड्याची निघाली. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी मोठ्या मायेने आपल्या आजीचं बिडाचं झाकणाचं भांडं आम्हाला आणून दिलं. आतून काळं, तुकतुकीत. बिडाला लावलेली चरबी तापून तापून लोखंडाला घट्ट धरते आणि तिचाच असा थर होतो. हा थर साठ-सत्तर वर्षांच्या डुकराच्या चरबीचा होता. त्यांच्या लेखी तो आजीचा वारसा होता. आमच्या लेखी त्यात शिजवणं शक्य नव्हतं. दुसरं भांडं नसेल तर अशी भांडी धुऊन वापरा, अशी हदीस आहे. पण बाजारात नवी भांडी ढिगाने असताना तिचा आधार कसा घ्यायचा? आणि भांडं परत केलं, तर त्या माऊलीला काय वाटेल?

आम्ही सरळ सांगितलं. बाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ''थर काढला तर चालेल?'' दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच रबरी हातमोजे घेऊन आल्या. कॉस्टिक सोड्याचा फवारा मारून भांडं दोन दिवस प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं, मग तिघांनी घासलं. करडं लोखंड उघडं पडलं, आणि बुडावर ओतीव अक्षरं दिसू लागली. ती बाईंनीही कधी पाहिली नव्हती. गावी नवा बिडाचा तवा तेल लावून, कांदा घासून तयार करतात. इथे तेलाचा अगदी पातळ हात देऊन भांडं पालथं ओव्हनमध्ये ठेवलं. ४५० अंश फॅरेनहाइटवर एक तास, असं चार वेळा केलं. रंग करड्याचा तपकिरी, मग काळा झाला.

डेव्हन अव्हेन्यूवरच्या खाटकाकडे हलाल टर्की आधीच सांगून ठेवली होती. दहा पौंडांची, म्हणजे साडेचार किलोची. गोठलेली टर्की फ्रिजमध्येच सुटी व्हायला अडीच-तीन दिवस लागतात. मीठ चोळून ती रात्रभर स्टीलच्या परातीत ठेवली. कातडीखाली लोण्यात कालवलेलं आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर भरली. दही आणि कोकम टाळलं, कारण आंबट पदार्थ नवा थर खातो. तळाशी कांदे-बटाटे, वर टर्की, ओव्हन ३२५ अंशांवर. शेवटचा पाऊण तास झाकण काढलं, म्हणजे कातडी खरपूस होते. सुमारे तीन तासांनी मांडीच्या मांसात थर्मामीटर खुपसला. आत १६५ अंश भरले की शिजली. नंतर अर्धा तास तिला हात लावायचा नाही.

बीड उशिरा तापतं, पण उष्णता सहजी सोडत नाही. इथले लोक रानात मुक्काम करतात, तेव्हा पायांच्या बिडाच्या भांड्यात असंच शिजवतात. खाली निखारे, झाकणावर निखारे. आपला दम आणखी काय वेगळा असतो? पक्ष्यासकट भांडं बारा-तेरा किलोचं होतं. एकट्याच्याने ते उचलत नाही, दोघं लागतात.

बिस्मिल्लाह म्हणून आम्ही सुरुवात केली, बाईंनी आपल्या पद्धतीने हात जोडले. तळाचा रस्सा त्यांनी पावाने पुसून खाल्ला आणि पाण्याचे तीन पेले रिचवले.

भांडं अजून आमच्याकडेच आहे. बकरी ईदला त्यात मटण दमाला बसतं, तेव्हाही बाई ताट घेऊन येतात. नवा थर दर वर्षी थोडा थोडा जाड होतो आहे. तो आमच्या घरचा आहे, आणि त्याच्या खालचं लोखंड त्यांच्या आजीचं.