वजीर न देता

आमच्याकडे धाकट्यांशी खेळताना मोठ्यांनी वजीर द्यायची रीत होती. काका पट मांडायचे, आपला वजीर उचलून डबीत टाकायचे आणि तरीही जिंकायचे. पुढे वजिराऐवजी हत्ती, मग घोडा, अशी सवलत कमी होत गेली. ज्या सुट्टीत त्यांनी सगळे बत्तीस मोहरे पटावर ठेवले, त्या सुट्टीत मी सपाटून हरलो. पण गल्लीत छाती काढून हिंडत होतो.

स्पर्धेत ती डबी नसते. स्विस पद्धतीत पहिल्या फेरीसाठी रेटिंगची यादी मधोमध कापतात. वरच्या अर्ध्यातला पहिला खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी. त्यामुळे पहिल्याच सकाळी माझ्यासमोर कोणीतरी तगडा येतो. तो चाल करतो, घड्याळ दाबतो, चाल लिहितो आणि उठून दुसऱ्यांचे डाव बघत फिरतो. हरण्यापेक्षा हे झोंबतं. मधेच तो कपाळाला हात लावून बसून राहिला, की मला उगाचच अर्धा गुण मिळाल्यासारखं वाटतं!

या तफावतीचं गणित अर्पाद इलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी बसवलं आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघानं ते १९७० मध्ये स्वीकारलं. रेटिंगमध्ये २०० चा फरक असेल तर वरचढानं चार डावांत साधारण तीन गुण घ्यावेत, ४०० चा असेल तर अकरा डावांत दहा. उरलेल्या एकावर आमचा प्रपंच.

२०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत नागपूरची दिव्या देशमुख कोनेरू हम्पीपेक्षा रेटिंगमध्ये ८० गुणांनी मागे होती. हम्पी २००२ मध्ये ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. पारंपरिक वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत, पहिला जलद डावही बरोबरीत. दुसरा दिव्यानं काळ्या मोहऱ्यांनी जिंकला आणि त्या विजेतेपदावर ती थेट ग्रँडमास्टर झाली.

मला असं काही जमलेलं नाही. पण एकदा मला सहज हरवल्यावर एका खेळाडूनं डाव मधल्या चालीपर्यंत आठवणीनं पुन्हा लावला, एका प्याद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे ढकललंत, तिथेच घोड्याला घर मिळालं." घड्याळ चालू असताना त्यानं काहीच दिलं नव्हतं.

तेव्हा जोड्यांच्या कागदावर समोर मोठं नाव दिसलं तर तोंड पाडू नका. पुरता डाव खेळा, हात मिळवा आणि विचारा, "कुठे गेला डाव?" बहुतेक जण सांगायला थांबतात.