शिपायाच्या खोलींतील टेलिफोन

आमच्या अंधेरीच्या कॉलेजांत ईपीएबीएक्स बसला, तेव्हां प्रत्येक प्राध्यापकाच्या खोलींत एकेक टेलिफोन आला, आणि मेजावरील त्या यंत्रास आम्ही 'आमचा टेलिफोन' म्हणूं लागलों. तो कितपत आमचा होता, तें २६ जुलै २००५ रोजीं कळलें.

त्या दिवसाचें वर्णन उपनगरांतील वाचकांस नको. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, एवढें स्मरण पुरे. लोकल बंद, वीज गेलेली, मोबाइल मुके. आणि वरच्या मजल्यावर ऐंशीनव्वद विद्यार्थी अडकलेले. आम्हीं रिसीव्हर कानास लावला. नेहमींची गुणगुणही नव्हती. तार तुटली असें समजून आम्ही स्वस्थ बसलों. तासाभरानें शिपाई येऊन म्हणाला, "सर, माझ्या खोलींतला फोन लागतोय कीं!"

हें गूढ पुढें दुरुस्तीस आलेल्या कारागिरानें उलगडलें. एक्सचेंजमधून आपल्याकडे येणाऱ्या दोन तारांवर तेथील बॅटरीचा ४८ व्होल्टांचा दाब अहोरात्र असतो. रिसीव्हर खालीं असेपर्यंत मंडल तुटलेलें असतें. उचलतांच तें जुळतें, कांहीं मिलिअँपिअर प्रवाह वाहूं लागतो, आणि त्या तारेवर एक्सचेंजांत नेमलेली योजना हें ओळखून गुणगुण पाठविते. घंटा वाजवावयाची तर तीच योजना सुमारें ७५ व्होल्टांचा, सेकंदास पंचवीस आवर्तनें करणारा प्रवाह सोडते. साध्या टेलिफोनजवळ स्वतःचें असें बळ नसतें. त्याचा श्वासही उसना.

कॉलेजच्या पेटींत दोन तऱ्हेच्या पट्ट्या होत्या. एक्स्टेन्शनांच्या पट्टीवर ती स्वतःच एक्सचेंज बने: वीज पुरवी, घंटा वाजवी, कोणीं उचललें, कोणीं ठेवलें यावर नजर ठेवी. बाहेरच्या तारेच्या पट्टीवर मात्र ती टेलिफोनचें सोंग घेई. वीज देत नसे, घेत असे. (वर्गांत एक आणि विद्यापीठाच्या कचेरींत दुसरें, असें रूप धारण करणें आम्हां प्राध्यापकांस अपरिचित नाहीं.) वीज गेली, पेटीची बॅटरी पूर्वींच निकामी झालेली, तेव्हां आंतील सारे टेलिफोन एकदम निष्प्राण झाले. बाहेरची तार मात्र एक्सचेंजच्या बॅटरीवर जिवंत होती. त्या सायंकाळीं उपनगरांत पुष्कळांच्या ताराही मेल्या होत्या. आमची वांचली, हें केवळ दैव.

अशा प्रसंगासाठीं पेटींत एक रिले असतो. वीज असेपर्यंत त्याचें विद्युच्चुंबक एक पट्टी ओढून धरतें. वीज जातांच स्प्रिंगच्या जोरानें ती मागें येते आणि बाहेरची तार पेटीस वगळून एका ठरलेल्या एक्स्टेन्शनला सरळ जोडते. तें कोणतें असावें, हें पेटी बसवितांना आम्हांसच विचारलें होतें. "कोणतेंही," असें आम्हीं वर न पाहतां सांगितलें, आणि कारागिरानें सर्वांत जवळचें, जिन्याच्या वळणावरील शिपायाच्या खोलींतलें निवडलें. विचारपूर्वक उत्तर दिलें असतें तर आम्हीं प्राचार्यांची खोली सांगितली असती. त्या दिवशीं तिला कुलूप होतें.

मग मेणबत्तीच्या उजेडांत जिन्यावर रांग लागली. प्रत्येकास एक मिनिट. "आई, मी कॉलेजांत आहें," एवढ्यांत बहुतेकांचें बोलणें संपे. घाटकोपरच्या एका मुलीच्या घरीं कोणी उचलीना. ती पुनःपुन्हां रांगेच्या शेवटीं जाऊन उभी राही. "घंटा वाजतेय, सर, म्हणजे घर ठीक आहे," असें ती प्रत्येक वेळीं म्हणे, आणि आम्ही मान डोलवीत असूं.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं तिचे वडील चालत आले. घरांत छातीभर पाणी शिरलें होतें. सारीं माणसें शेजाऱ्यांच्या माडीवर गेलीं होतीं, आणि टेलिफोनची तार त्यापूर्वींच तुटली होती. त्यांच्या घरीं घंटा एकदांही वाजली नव्हती. बोलावणाऱ्यास ऐकूं येणारी घंटा एक्सचेंज स्वतःच ऐकवितें, पलीकडची तार तुटलेली असली तरीही, हें त्याच कारागिरानें पुढें सांगितलें. त्या रात्रीं तें आम्हांस ठाऊक असतें तर आम्हीं त्या मुलीस सांगितलें असतें कीं नाहीं, हें आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं.