फाइल उघडीच हवी

रणांगणावरून आलेल्या माणसाकडे कागद मागणं मला फार वर्षं हीनपणाचं वाटायचं. २००४ साली अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉन केरी यांच्या व्हिएतनाममधल्या नौदल-सेवेवर शंका घेतल्या गेल्या, तेव्हा मी संतापलो होतो. सिल्व्हर स्टार, ब्राँझ स्टार, तीन पर्पल हार्ट. या माणसाने आणखी काय सिद्ध करायचं? त्यांच्या शौर्याबद्दल मला आजही शंका नाही. कागदांबद्दलचं मत मात्र पार बदललं आहे.

प्रश्नांचा रोख शेवटी सेवामुक्तीच्या तारखेवर आला. १९६६ मध्ये भरती झालेल्या केरींचं सन्मानपूर्वक सेवामुक्तीचं पत्र १९७८ चं. मध्ये, १९७१ मध्ये, त्यांनी सिनेटच्या समितीपुढे युद्धाविरुद्ध साक्ष दिलेली. मग पहिला डिस्चार्ज वेगळाच असणार, पुढे तो सुधारून घेतला असणार, असे तर्क सुरू झाले. राखीव दलात नाव राहिलं की अंतिम पत्र उशिरा येतं, हे साधं उत्तर होतं; पण ते पटवायला अख्खी फाइल लागत होती. केरींनी बरेच कागद प्रसिद्ध केले, तरी संपूर्ण फाइल खुली करणाऱ्या ‘फॉर्म १८०’वर सही केली ती २००५ च्या मे महिन्यात, निवडणूक हरल्यावर. ‘बॉस्टन ग्लोब’ने फाइल वाचली. नवं, धक्कादायक काही निघालं नाही. पुढे त्यांच्यावर तुटून पडलेल्या काही वरिष्ठांनी त्या काळी केलेली स्तुतीच तिच्यात होती!

केरींचे प्रतिस्पर्धी, तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांचंही तेच. टेक्सास एअर नॅशनल गार्डमधले हे वैमानिक. १९७२ मध्ये वैद्यकीय तपासणी न केल्याने त्यांचं उड्डाण थांबलं, १९७३ मध्ये सन्मानाने सुटका. व्हाइट हाउसकडून कागद हप्त्याहप्त्याने येत राहिले. सप्टेंबर २००४ मध्ये सीबीएसने एका दिवंगत अधिकाऱ्याच्या नावाचे कागद दाखवले. ते अस्सल असल्याचं वाहिनीला सिद्ध करता आलं नाही, आणि बुश गार्डमध्ये प्रत्यक्ष हजर राहिले का, हा खरा प्रश्न त्या वादात बुडून गेला.

मला पटलं ते मात्र घराजवळच्या एका रीतीमुळे. आमच्या साताऱ्यात माजी सैनिकाला ओळखपत्र हवं, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात डिस्चार्ज बुक दाखवावं लागतं. कारगिल पाहून आलेला हवालदारही ते निमूट टेबलावर ठेवतो. अमेरिकन माजी सैनिकालाही सवलतींसाठी ‘डीडी-२१४’ हा सेवामुक्तीचा दाखला दाखवावा लागतो. मग त्याच सेवेच्या नावावर मतं मागणाऱ्याने फाइल का मिटून ठेवावी?

आजारपणाचे कागद त्याचे आणि डॉक्टरांचे. ज्या जखमेवर पदकाचा दावा आहे, तेवढी नोंद सोडून. बाकी नेमणुका, हजेरी, सेवामुक्तीचा प्रकार आणि कारण, हे मी उमेदवारी जाहीर होते त्याच आठवड्यात मागेन. केरींची अख्खी फाइल वेळेत लोकांपुढे असती, तर त्यांच्या बोटीवरच्या खलाशांना, आपला अधिकारी खोटारडा नव्हता हे सांगत पस्तीस वर्षांनी सभा-सभांतून फिरावं लागलं नसतं.